सर्व्हिसिंगच्या बिलात काय काय असते: गटाच्या मोटारसायकलींच्या देखभाल खर्चाच्या प्रकल्प नोंदी (चोपडा–यावल पट्टा)

६ एप्रिल २०२५

काम सुरू. दूध संकलन आणि शेतभेटींसाठी गटाच्या नऊ मोटारसायकली आहेत. त्यात १०० सीसीच्या सहा, १२५ च्या दोन, १५० ची एक. १०० सीसीपैकी चार जुन्या, कार्बोरेटरच्या. दोन बीएस-६ (प्रदूषणाचे नवे मानक), म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, इंजेक्शनच्या. सगळ्यांची सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजमध्ये होते आणि तशीच होत राहील. प्रश्न एवढाच की नेहमीच्या सर्व्हिसिंगला रास्त पैसे किती आणि ते नेमके कशाचे.

जुनी बिले काढली. बहुतेकांवर एकच ओळ: ‘सर्व्हिसिंग, ९५०’ किंवा ‘सर्व्हिस + सामान, १,२८०’. यातून काहीच कळत नाही. मजुरी किती, ऑइल कोणते आणि किती, पार्ट कोणता बदलला, सगळे त्या एका आकड्यात गडप. ओडोमीटरचा आकडा तर एकाही बिलावर नाही. किलोमीटर नसलेले बिल हिशेबाला निरुपयोगी असते. ९५० रुपये ३,००० किलोमीटरचे की १,२०० चे, हे कळल्याशिवाय महाग-स्वस्त ठरवता येत नाही.

नवीन फॉर्म केला. चार रकाने: मजुरी, पार्ट, ऑइल, किरकोळ. किरकोळात धुण्याचे पेट्रोल-रॉकेल, ग्रीस, चिंध्या, ड्रेन बोल्टचा वॉशर. वर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर. खाली एक चौकट: ‘काढलेले पार्ट परत दिले: हो / नाही’. ही चौकट महत्त्वाची. ब्रेकचा जुना लायनर (ड्रमला घासणारा थर) हातात आला की तो खरोखर संपला होता का ते लगेच दिसते.

१३ एप्रिल २०२५

कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहिले. गाडी १०० सीसी, कार्बोरेटरची, पुढे-मागे ड्रम ब्रेक. हात सरावाचा, घाई नाही.

ऑइल काढून नवीन भरणे, १५ मिनिटे (गरम इंजिनातून पूर्ण निथळायला निम्मा वेळ जातो). एअर फिल्टर उघडून पाहणे १०. प्लग काढणे, साफ करणे, गॅप लावणे १०. टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप) लावणे २५. मागचे चाक काढून ड्रम साफ करणे, कॅमला (ब्रेक उघडणाऱ्या खिट्टीला) ग्रीस, ३०. पुढचे चाक २०. चेन धुणे, ऑइल लावणे, ताण बसवणे २०. क्लच, अ‍ॅक्सिलेटर आणि पुढच्या ब्रेकच्या केबलमध्ये तेल सोडणे, प्ले (मोकळी हालचाल) लावणे १५. नट-बोल्ट, कोन सेट (हँडलचे बेअरिंग), लाइट, बॅटरी तपासणे १५. शेवटी पुसणे आणि एक चक्कर, २०. बेरीज १८० मिनिटे. कार्बोरेटर खोलायचा असेल तर आणखी ३०.

म्हणजे पूर्ण सर्व्हिसिंग तीन तासांचे काम. आमच्या भागात साध्या गॅरेजची मजुरी २५० ते ३५० रुपये सांगतात. ३०० धरली तर तासाला १०० रुपये पडतात. त्यातून दुकानाचे भाडे, वीज, हवेचा कॉम्प्रेसर आणि हाताखालच्या पोराचा पगार निघायचा. ते निघत नाही, म्हणून गाडी पाऊण तासात बाहेर येते: ऑइल, चेनवर ब्रशने तेल, फिल्टरवर हवा, वॉशिंग. चाके निघत नाहीत, टॅपेटचे झाकण उघडत नाही, केबलला कोणी हात लावत नाही. यादीतला निम्मा वेळ या तीन कामांचा, आणि ती बाहेरून अजिबात न दिसणारी. गिऱ्हाईकही गाडी लावताना म्हणते, ‘तेल बदली टाका, बाकी ऱ्हाऊ द्या.’

आमचे मत इथेच बनायला लागले. मजुरीत पन्नास रुपये कमी करून घेणारा माणूस वाचवत काही नाही. ते पन्नास रुपये कामाच्या वेळेतून तरी कापले जातात, नाहीतर हलक्या पार्टमधून वसूल होतात.

२० एप्रिल २०२५

आज टॅपेट. गॅप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते आणि इनलेट-एक्झॉस्टची मापे मॉडेलनुसार बदलतात. मॅन्युअल उघडूनच लावायची. फिलर गेज (मापाच्या पातळ पातींचा जुडगा) हवाच. कानाने टॅपेट लावण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि तीच सगळ्यात महाग पडते.

कारण असे. गिऱ्हाईकाला ‘टकटक’ नको असते. मेकॅनिक आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळतो. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि आधीच कमी असलेली गॅप शून्य होते. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, एक्झॉस्टचा जाळ त्या फटीतून जातो, सीट आणि व्हॉल्व्हची कड जळते. आधी सकाळी स्टार्टिंगचा त्रास, मग ओढ कमी, मग कॉम्प्रेशन गेले. हेड खोलून व्हॉल्व्ह घासणे किंवा बदलणे हे हजारांतले काम. सैल टॅपेट आवाज करतो, पण घट्ट टॅपेट इंजिन खातो.

खान्देशात आणखी एक अडचण आहे. टॅपेट थंड इंजिनावर लावायचे. होंडाच्या जातीच्या इंजिनांना ३५ अंशांच्या खाली, असे मॅन्युअल सांगते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सावलीतला पाराच ४० च्या वर असतो. गाडी रस्त्यावरून येऊन तासभर उभी राहिली तरी इंजिन ३५ च्या खाली जाणार नाही. म्हणून नियम केला: टॅपेटची गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला सोडायची आणि सकाळी पहिले काम तेच करायचे. यात एक पैसाही जास्त लागत नाही, फक्त वेळ ठरवून घ्यावी लागते.

क्रम: प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. मॅग्नेटच्या कव्हरवरच्या भोकातून ‘टी’ची खूण समोर आणा. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने हलले पाहिजेत. हलत नसतील तर एक फेरा आणखी द्या, कारण पिस्टन वर असला तरी स्ट्रोक चुकीचा आहे. पात किंचित ओढ देत सरकली की स्क्रू धरून नट आवळा आणि पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. दुसऱ्यांदा न मोजलेला टॅपेट लावलेला धरायचा नाही.

११ मे २०२५

एअर फिल्टर. शिवाररस्त्यावर ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या गाड्यांचे फिल्टर आणि चोपडा–यावल डांबरी रस्त्यावरच्या गाड्यांचे फिल्टर शेजारी ठेवले. फरक डोळ्यांना दिसतो. लासूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला जाणाऱ्या दोन गाड्यांचे फिल्टर ६,००० किलोमीटरलाच भरले होते. रस्त्यावरचे १२,००० पर्यंत चालतील.

दोन प्रकार नीट ओळखावेत. जुन्या गाड्यांत स्पंजचा फिल्टर असतो. तो रॉकेलमध्ये धुवायचा, न पिळता दाबून सुकवायचा, मग इंजिन ऑइलमध्ये भिजवून जादा तेल दाबून काढायचे. कोरडा बसवला तर धूळ सरळ आत. नवीन गाड्यांत बहुधा चिकट तेल लावलेला कागदी फिल्टर येतो. त्याला हवा मारायची नसते. त्याचे काम त्या चिकट थरावर चालते. हवेने धूळ थोडी उडते, थर खराब होतो आणि कागदाची छिद्रे मोठी होतात. तरीही जवळपास प्रत्येक गॅरेजात फिल्टर काढला की पहिले काम कॉम्प्रेसरची नळी लावणे. फॉर्मवर लिहिले: ‘कागदी फिल्टर: फक्त पाहणे किंवा बदलणे.’

किंमत आमच्याकडे १५० ते २५० रुपये. पिस्टन-रिंगच्या कामापुढे हा आकडा काहीच नाही, आणि रिंग झिजवणारी धूळ इथूनच आत जाते. फिल्टरच्या डब्याचे रबर सील आणि तळाची निचऱ्याची नळी याच वेळी पाहावी. नळीत काळे तेल साचले असेल तर ऑइल जास्त भरले गेले असावे.

२२ जून २०२५

काळी माती ओली झाली. यापुढचे तीन महिने चेनचे.

१०० सीसीच्या गाड्यांना कारखान्यातून पूर्ण बंद चेनकव्हर येते. ‘आवाज करते’ म्हणून किंवा दिसायला बरे वाटते म्हणून लोक ते काढून अर्धे पत्र्याचे लावतात. आमच्या दोन गाड्यांना तसेच होते. काळ्या चिखलात उघडी चेन म्हणजे रोलरमध्ये रोज पॉलिशपेपर फिरवणे. दोन्ही गाड्यांना पूर्ण कव्हर परत बसवले.

ताण बहुतेक १००–१२५ गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर. खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मध्यावर मोजायचा. बंद कव्हरला त्यासाठी रबरी बूच असते. चाक फिरवून तीन-चार जागी मोजावे, कारण चेन सगळीकडे सारखी वाढत नाही. सगळ्यात घट्ट जागी माप बसले पाहिजे. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते आणि स्प्रॉकेटची एकच बाजू खाल्ली जाते. घट्ट चेन सैल चेनपेक्षा वाईट. दुधाच्या कॅन लादल्या की मागचा भाग खाली बसतो, चेन आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओझे येते.

वंगणाला एसएई ९० गिअर ऑइल. जळालेले इंजिन ऑइल वापरायचे नाही. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते, ती रोलरमध्ये जाऊन घासते. ग्रीसही वरून लावायचे नाही. ते आत शिरत नाही, बाहेर माती मात्र धरून ठेवते. चेन तोडली तर जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला असावे. उलट लावलेली क्लिप खड्ड्यात उडते.

हिशेब: चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट साधारण १,२०० आणि बसवायची मजुरी २००, मिळून १,४००. सेट १५,००० ला संपला तर किलोमीटरमागे ९.३ पैसे, २५,००० चालला तर ५.६. नुसती चेन बदलून जुनी स्प्रॉकेटे ठेवणे ही खोटी बचत आहे. झिजलेले दात नवीन चेनला काही हजार किलोमीटरमध्येच आपल्या मापाची करून टाकतात.

२० जुलै २०२५

ब्रेक. पावसाळ्यात ड्रममध्ये चिखलाचे पाणी शिरते, लायनरवर लेप बसतो, कॅम गंजून जड होतो. मग ब्रेक धरतो पण पूर्ण सुटत नाही. सेंटर स्टँडवर मागचे चाक हाताने फिरवावे. ब्रेक घासत असेल तर ते लगेच थांबते.

मागचे चाक काढायला बहुतेक कम्युटर गाड्यांत चेन सोडावी लागत नाही. ब्रेकच्या सळईचा नट, प्लेटच्या टेकूचा बोल्ट, अ‍ॅक्सल. चाक बाजूला निघते, स्प्रॉकेट जागेवरच राहते. हबमधली रबरे याच वेळी पाहावीत. सैल झाली असतील तर गिअर टाकताना धक्का बसतो आणि लोक क्लचला दोष देतात. ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावी. कॅमला ग्रीस अगदी पातळ, लायनरला कणभरही लागता कामा नये. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. ११० मिलिमीटरच्या ड्रमला तो १११ असतो. त्याच्या पलीकडे गेलेल्या ड्रममध्ये नवीन लायनर घालून ब्रेक येत नाही.

लायनर संपला की नाही यासाठी बाहेर बाण असतो. ब्रेक दाबला की बाण प्लेटवरच्या खुणेला भिडला, म्हणजे बदला. काही जण लायनर वाचवायला ब्रेकचा हात कॅमच्या दात्यांवर एक घर पुढे सरकवतात. पेडलला तात्पुरती पकड येते, पण कॅम इतका फिरतो की उलटून ब्रेक अडकू शकतो. हे कोणत्याही गाडीला करायचे नाही, आणि कोणी केलेले दिसले तर फॉर्मवर लाल शाईने लिहायचे.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक आला. पायाचा ब्रेक पुढच्या चाकालाही ओढतो. अशा गाडीत नुसता मागचा नट फिरवून भागत नाही. पुढचाही प्ले पाहावा लागतो, नाहीतर पुढचा ब्रेक सतत घासत राहतो. मजुरीत यासाठी दहा मिनिटे जास्त धरली.

लायनरची जोडी १५० ते २२०. पॅकिंगशिवाय मिळणारी ७०–८० ची जोडी घ्यायची नाही. तिचा लायनर बुटावरून सुटून ड्रममध्ये अडकला तर चाक जाम होते.

३१ ऑगस्ट २०२५

ऑइलबद्दल सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट, कोणते. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड (आमच्या बहुतेक गाड्यांना १०डब्ल्यू-३०) आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ (दुचाकीच्या ऑइलचे जपानी मानक). ‘एमबी’ लिहिलेले ऑइल स्कूटरचे. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, एमबी ऑइलने प्लेटा सरकू लागतात. चढाला इंजिन ओरडते, गाडी उचलत नाही, आणि निदान होते ‘क्लच प्लेट गेल्या’. प्लेटांचा सेट ४०० ते ६०० आणि मजुरी वेगळी. कारचे इंधन बचतीचे पातळ ऑइलही याच कारणाने चालत नाही.

दुसरी, किती. डब्यात आहे तेवढे ओतायचे नसते. नुसते ऑइल बदलताना लागणारे माप इंजिन खोलल्यानंतरच्या मापापेक्षा कमी असते, कारण काही ऑइल आत राहतेच. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून तितकाच वेळ थांबावे, गाडी सरळ उभी ठेवावी आणि डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून पाहावे. आवळून पाहिली तर पातळी खोटी जास्त दिसते.

तिसरी, कधी. काही कंपन्यांचे मॅन्युअल ६,००० किलोमीटरला बदल आणि मध्ये ३,००० ला पातळी पाहून भर, असे सांगते. गॅरेजवाले १,५०० ला बदलायला सांगतात. ३८० रुपयांचे ऑइल धरून: १,५०० ला बदलले तर किलोमीटरमागे २५.३ पैसे, ३,००० ला १२.७, ६,००० ला मध्ये ६० रुपयांची भर धरून ७.३. आम्ही ओझ्याच्या आणि धुळीच्या गाड्यांना ३,००० ठरवले. डांबरी रस्त्यावरच्या दोन इंजेक्शनच्या गाड्यांना मॅन्युअलप्रमाणे. १,५०० ला कोणत्याच गाडीला नाही. तिथे वाचलेले पैसे फिल्टर आणि ब्रेकच्या कामाला पुरून उरतात. हे सगळे पातळी दर पंधरा दिवसांनी पाहिली तरच खरे. जुनी इंजिने ऑइल खातात आणि कोरडे पडलेले इंजिन कुठल्याही हिशेबात बसत नाही.

चौथी, ड्रेन बोल्ट. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची. लांब पान्याने जोर लावला की आटे जातात. मग मोठा बोल्ट ठोकला जातो आणि पुढच्या वेळी तोही गळतो. बोल्ट हाताने पूर्ण बसवावा, नवीन वॉशर घालावा, मगच पाना. वॉशर पाच-दहा रुपयांचा असतो, तो किरकोळात लिहिला जाऊ द्यावा, त्यावरून घासाघीस करू नये.

१०० सीसीच्या जुन्या बांधणीत कागदी ऑइल फिल्टर नाही. तळाची जाळी आणि उजव्या बाजूचा फिरता फिल्टर असतो. ते साफ करायला उजवे कव्हर खोलावे लागते, पॅकिंग नवीन लागते. हे दर सर्व्हिसिंगचे काम नाही, पण क्लचसाठी कव्हर खोलले असेल तेव्हा सोडायचेही नाही.

२८ सप्टेंबर २०२५

२२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला. मोटारसायकलीचे बरेच सुटे भाग आणि टायर २८ टक्क्यांवरून १८ वर आले. बिलांवर गोंधळ आहे, म्हणून नियम लिहून ठेवले.

इंजिन ऑइलवर आधीपासूनच १८ होता, मजुरीवरही १८. तिथे काही उतरणार नाही. २८ चा पार्ट १८ वर आला म्हणजे किंमत दहा टक्के उतरत नाही. १५० रुपये मूळ किमतीचा लायनर १९२ ला होता, तो १७७ ला यावा. साधारण पावणेआठ टक्के.

छापील किमतीत कर धरलेला असतो. १०० छापलेल्या प्लगवर पुन्हा १८ टक्के लावून ११८ घेणे चूक आहे. कर वेगळा दाखवायचा तर छापील किमतीच्या आतच तोडून दाखवावा. आणि ज्या गॅरेजकडे जीएसटी नंबर नाही, त्याने कोणत्याही ओळीवर जीएसटी लावायचा नाही. लहान गॅरेज नोंदणीच्या मर्यादेखाली असते, त्यात गैर काही नाही. फक्त बिलावर कराची ओळ नको.

१२ ऑक्टोबर २०२५

दसऱ्याच्या आधी सगळ्या गाड्या प्रेशरने धुवून आल्या. वॉशिंगचे ६० ते १०० रुपये. धुण्याला हरकत नाही, पण फवारा चाकाच्या मध्यावर, कोन सेटवर, सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या डब्याजवळ मारू नये. बेअरिंगमधले ग्रीस निघते आणि दोन महिन्यांनी चाक डुलते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून लगेच पुसावे. धुतल्यावर ब्रेक दाबत थोडे चालवावे, ड्रम कोरडे होतात. चेनला तेल धुतल्यानंतर लावावे. आधी लावलेले वाहून जाते.

१६ नोव्हेंबर २०२५

कार्बोरेटरच्या चार गाड्यांपैकी एक महिनाभर उभी होती, सुरू झाल्यावर आयडलला टिकेना. पायलट जेट (मंद चालीला पेट्रोल सोडणारे बारीक भोक) चोंदला होता. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीत तळाला गाळ आणि पांढरा गंज धरतो. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीचा निचरा-स्क्रू सोडावा. फुकट काम. कार्बोरेटर साफ करायची मजुरी १५० ते २००. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते आणि अ‍ॅव्हरेज कायमचे जाते. हवा आणि क्लीनर पुरतो.

इंजेक्शनच्या गाड्यांना ‘कार्बोरेटर साफ’ अशी ओळ बिलात आली तर ती कापावी. तशी एक आली होती, कापली.

ओझ्याच्या गाड्या: केळी, कपाशीचा मोसम, दूध रोजचे. १०० सीसीला पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय हवा असते, मागे माणूस किंवा ओझे असेल तर ४० च्या आसपास. सगळ्या गाड्या २८ वरच ओझे वाहत होत्या. बाजू दबल्यामुळे मागचे टायर कडेने लवकर झिजतात. गाडीवरचा स्टिकर पाहून हवा भरायची. हवा मोजून भरणे हे सर्व्हिसिंगच्या यादीत पहिल्या ओळीत टाकले.

७ डिसेंबर २०२५

दर ठरवायला बसलो. चोपड्यातल्या दोन गॅरेजांशी बोलणी झाली. आमचा प्रस्ताव असा की एकसारखी ३०० ची सर्व्हिसिंग बंद करावी आणि दोन पायऱ्या कराव्यात.

लहान काम, दर ३,००० ला: ऑइल किंवा पातळी, फिल्टर पाहणे, चेन, केबल, तपासणी, हवा. ७५ मिनिटे, मजुरी २००. मोठे काम, दर ६,००० ला: वरची पूर्ण यादी, दोन्ही चाके आणि टॅपेटसह. १८० मिनिटे, मजुरी ५००. दोन्हींना तासाचा दर १६० ते १६७ पडतो. गॅरेजला परवडतो, म्हणून घाई करायचे कारण उरत नाही.

आधी ६,००० किलोमीटरला मजुरी ६०० जायची, आता ७०० जाईल. शंभर रुपये जास्त, म्हणजे किलोमीटरमागे पावणेदोन पैशांहून कमी. एकट्या चेनच्या वाढलेल्या आयुष्यातून जवळपास पावणेचार पैसे परत येतात. पेट्रोलचा हिशेब तर आणखी स्पष्ट. १०५ रुपयांनी ६० चे अ‍ॅव्हरेज म्हणजे किलोमीटरला १.७५ रुपये. घासणारा ब्रेक, कमी हवा आणि भरलेला फिल्टर यांनी ते ५४ वर आले तर १.९४. म्हणजे १९ पैशांचा फरक, मजुरीच्या वाढीच्या दहापटीहून जास्त, आणि तो बिलावर कुठेच लिहिलेला नसतो.

१०० सीसीच्या ओझ्याच्या गाडीला ६,००० किलोमीटरचा अंदाज: ऑइल दोनदा ७६०, मजुरी ७००, फिल्टरचा वाटा १००, प्लगचा ५५, मागच्या लायनरचा ९०, केबलचा ६०, किरकोळ ६०. एकूण १,८२५, किलोमीटरला ३० पैसे. लासूरच्या दोन गाड्यांना फिल्टरचा वाटा दुप्पट धरावा. चेन सेट आणि टायरचा वाटा वेगळा ठेवला, तो धरून साडेसत्तेचाळीस पैशांच्या आसपास. बॅटरी यात नाही. तिला वर्षाचा हिशेब लागतो, किलोमीटरचा नाही.

एका गॅरेजने लगेच मान्य केले. दुसऱ्याची अट होती की पार्ट त्यांच्याकडूनच घ्यावेत. छापील किमतीत आणि सीलबंद पॅकिंगमध्ये असतील तर आमची हरकत नाही. पार्टवरचा नफा हा दुकानदाराचा रास्त हक्क आहे, तो लपवायची गरज पडू नये एवढेच.

२१ डिसेंबर २०२५

नव्या दराने पहिल्या तीन गाड्या मोठ्या कामाला गेल्या. फॉर्म पूर्ण भरून आले, काढलेले पार्ट पिशवीत आले. लासूरच्या एका गाडीचे ड्रम १११ च्या पलीकडे निघाले, हब बदलण्याची नोंद केली. १५० सीसीच्या गाडीच्या डाव्या फोर्कमधून (पुढच्या शॉकअप्समधून) तेल येते आहे. सील बदलताना दोन्ही बाजूंचे बदलायचे आणि ऑइल दोन्हींत मोजून सारखे भरायचे, जानेवारीत. डिस्कचा पॅड त्याआधी पाहायचा, फोर्कचे तेल त्याला लागले असेल तर पॅडही त्याच बिलात.